घरात जुन्या स्नायपर रायफलीची पेटी निघाली, रायफल कोणत्या कंपनीची असन?

वावरवाला_आर्वी

राम राम मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथं फौजेतले अन् जुन्या वस्तूंतले जाणकार आहेत म्हणून टाकून रायलो.

आमच्या घरी एक लांबट लाकडी पेटी आहे, चार फुटाच्या वर लांब, रुंदीले हातभरही नाही. आबाजीनं फार वर्षांआधी पुलगावच्या एका कबाड्याजवळून घेतली, मिलिटरीच्या लिलावातला माल होता म्हणते. तवापासून तिच्यात कधी सरकी, कधी तुरीचं बियाणं, मंग नुसते सातबारे, पासबुकं न् लग्नपत्रिका असं काहीबाही पडून राहिलं, झाकणाच्या आतून कोणी कधी पाहिलंच नाही. आता माजघरात फरशी बसवायची म्हणून पेटी आंगणात काढली अन् रिकामी केली, तर झाकणाच्या आतल्या बाजूले एक छापील कागद चिकटवलेला दिसला, वरून वार्निश मारलेलं, पार तपकिरी झालेला, एक कोपरा उधईनं खाल्लेला. वाचता येते ते असं: रायफल नं. ४ मार्क १, त्याच्यापुढं कंसात टी. मंग हातानं लिहिलेला एक नंबर, त्यातले मधले आकडे गेले. खाली टेल. सायटिंग नं. ३२ असं छापलं आहे अन् तिथंही एक नंबर. पेटीच्या आत लाकडाचे ठोकळे आहेत, मधात खाचा पाडलेल्या, खाचेले कुठं कुठं फेल्ट अजून चिकटून आहे. एका टोकाले गोल लांबट पत्र्याचा डबा बसते, तो डबाही आहे, माय त्याच्यात बटनं न् सुया ठेवते. झाकणावर हिरव्या रंगाखाली एक बाण डागलेला आहे, त्याच्याखाली इंग्रजी आय.

रायफल नाही, दुर्बीण नाही, आमच्याकडे कधीच नव्हती, पेटी आली तेच रिकामी.

परवा नागपूरकडचा एक जुन्या वस्तूवाला आला होता, म्हणे हा हॉलंडचा माल आहे, डच मिलिटरीचा, पेटी डब्यासकट देऊन टाका, पाच हजार देतो. चुलतभाऊ म्हणते रशियाची असन. मले पैशाचं नाही पण हे तरी समजलं पायजे का रायफल बनवली कोणी? नुसत्या कागदावरून सांगता येते का? अन् दुसरं, अशी पेटी घरात ठेवणं गुन्हा तर नाही ना, माय भ्याली आहे, म्हणते पोलीस येतील, जाळून टाक.

बंटी_यवतमाळ

भाऊ जाळू नोका बाप्पा!! स्नायपर म्हटलं म्हंजे ड्रॅगुनोव्ह असन ना, गेममधे तेच भेटते आम्हाले 😀 पाच हजारात तर मुळीच देऊ नोका, फोटो टाका पहिले.

आर्मरर_कामठी

बंटी, गेम बाजूला ठेव रे भाऊ.

वावरवाले, मी फौजेच्या ईएमईत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता रिटायर होऊन कामठीतच राहतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला कोतमध्ये, म्हणजे फौजेच्या हत्यारखान्यात, ह्या रायफली होत्या, हातातून गेलेल्या आहेत. तुझ्याकडची पेटी स्नायपर रायफलीचीच आहे, त्यात शंका घ्यायची गरज नाही. गोळ्यांच्या पेट्या आखूड असतात, ही लांब आहे, आत खाचा आहेत न् दुर्बिणीच्या डब्याला जागा आहे. नं. ४ मार्क १ म्हणजे ली-एनफिल्ड, आपली थ्री-नॉट-थ्री, अन् कंसातला टी म्हणजे टेलिस्कोपवाली. रशियाचा इथं काही संबंध नाही. रशियाची ड्रॅगुनोव्ह आपल्या फौजेत लय मागून आली अन् तिचा बोल्ट दर गोळीला हातानं ओढावा लागत नाही. ही ओढायची रायफल.

आता कंपनी कोणती, तर हा सवाल एका नावात बसतच नाही. ह्या रायफलीला चार जणांचे हात लागलेले असतात. मूळ रायफल एका कारखान्यानं बनवली, तिला दुर्बीण बसवण्यालायक दुसऱ्यानं केली, दुर्बीण तिसऱ्याची अन् दुर्बीण धरणारा लोखंडी ब्रॅकेट चौथ्याचा. लोकं नेमकं इथंच फसतात, ब्रॅकेटवरचा शिक्का वाचतात न् सांगतात रायफल अमक्याची.

रायफल समोर असती तर मी आधी डावीकडून पाहिलं असतं. बट, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, जिथं लोखंडात बसतो तो जो सॉकेट असतो ना, त्याच्या डाव्या अंगाला नंबर, साल अन् कारखान्याची खूण असते. एम ४७ सी दिसलं का समजायचं बीएसए कंपनीचा शर्लीचा कारखाना, बर्मिंगहॅमजवळचा. आपल्याकडे बीएसए म्हटलं का सायकल आठवते, पण मूळ धंदा बंदुकांचा, नावातच बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स आहे. त्याच सॉकेटवर टीआर अशी अक्षरं दिसली तर ती रायफल कारखान्यातच दुर्बिणीसाठी बाजूला काढलेली. कोणतीही रायफल उचलली न् दुर्बीण ठोकली असं नव्हतं, फायर करून जिचा ग्रुप चांगला पडला, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागल्या, तीच घ्यायचे. दुर्बीण बसवून पास झाली का बॉडीच्या डाव्या बाजूला टी मारायचे.

मग बट उलटा करायचा. खालच्या बाजूला एस ५१ असं बारीक ठोकलेलं सापडलं तर ते हॉलंड अँड हॉलंडचं काम. युद्धाच्या काळात कंपन्यांची नावं उघडी लिहीत नव्हते, असे कोड द्यायचे. तुझा तो जुन्या वस्तूवाला हॉलंड म्हणाला ते कुठंतरी ऐकलेलं असणार, पण तो देश नाही बाबा, लंडनची बंदुकीची पेढी आहे. डच मिलिटरी कुठून आणली त्यानं काय माहीत.

अन् सगळ्यात मजेची गोष्ट बटाच्या मनगटावर. जिथं आपण मुठीत धरतो तिथं वरच्या लाकडावर एक नंबर ठोकलेला असतो. नवा माणूस त्याला रायफलीचा नंबर समजतो, तो असतो दुर्बिणीचा. अन् रायफलीचा नंबर असतो ब्रॅकेटवर. दोघांची गाठ बांधून ठेवलेली. कारण दुर्बीण त्या एका रायफलीला जुळवलेली असते, शेजारच्या रायफलीची काढून इला लावली का झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, गेला, मग परत रेंजवर जाऊन सगळी कसरत करा. कोतमध्ये ह्या अदलाबदलीवरून बोलणी खाल्लेले लोकं पाहिलेत मी. म्हणून तुझ्या झाकणाच्या कागदावर दोन नंबर आहेत, एक रायफलीचा न् एक दुर्बिणीचा. पेटी, रायफल, दुर्बीण सगळं एकाच कुटुंबाचं.

बाण अन् खाली आय हा हिंदुस्थानी सरकारी मालाचा जुना शिक्का आहे, इंग्रजाच्या वेळचा. म्हणजे पेटी तेव्हाच आपल्या फौजेच्या खात्यात चढलेली.

कागदावरचा नंबर नीट वाच, अक्षर आहे का, असेल तर आकड्यांच्या आधी आहे का मधात, ते सांग. बरंच कळते त्यावरून.

लॉटवाला_पुलगाव

आमचा तीन पिढ्यांचा हाच धंदा म्हणून सांगतो. पुलगावच्या मिलिटरी डेपोतला निकामी माल लिलावात निघते, आता सगळं ऑनलाइन झालं, पहिले लोकं प्रत्यक्ष जाऊन लॉट पाह्यचे न् बोली लावायचे. लाकडी पेट्या, तंबू, डबे, चाकं, असं काय काय निघते. आमच्या इकडं गावोगावी अशा हिरव्या पेट्या सापडतील, कोणाच्या दाण्याच्या, कोणाच्या औजाराच्या, एका जागी तर मी पेटीवर देव्हारा पाहिला. पण त्या बहुतेक गोळ्यांच्या असतात. लांब खाचेवाली पेटी अन् आतला कागद जागेवर, असं क्वचितच.

कायद्याचं म्हणाल तर लाकडी पेटीले कायचं लायसन हो. मायले सांगा निवांत राहा. शस्त्र कायदा आहे तो हत्याराचा न् दारूगोळ्याचा. थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे, साध्या माणसाले त्याचं लायसन भेटत नाही, आपल्या शेतकऱ्याजवळ असते ती .३१५ ची, ती येगळी. म्हणून एक करा, पेटीच्या फटी, डब्याचा तळ, ठोकळ्याखाली सगळं पाहून घ्या, एखादी गोळी, बोल्ट, नळीचा तुकडा असं काही निघालं तर हात न लावता ठाण्यात कळवा. पितळ आहे म्हणून कोणाले विकू नका अन् चुलीजवळ तर नेऊच नका. आमच्या भागानं २०१६ ची डेपोची आग पाहिली, २०१८ चा सोनेगावकडचा स्फोटही पाहिला, त्यात मजूर गेले. त्याच्यामुळं हे जरा जास्तच सांगून रायलो, राग नका मानू.

अन् पाच हजारवाल्याले हो म्हणू नका. तो पेटी नाही, कागद घेऊन जाईन.

जुनीपानं_पुणे

आर्मरर काकांनी सांगितल्यावर फार काही उरत नाही, फक्त कारखान्यांबद्दल थोडी भर घालतो, मला या विषयाचं वाचनाचं वेड आहे, रायफल मात्र संग्रहालयातल्या काचेपलीकडूनच पाहिली आहे.

नं. ४ रायफल दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मुख्यतः तीन ठिकाणी बनली, बीएसएचं शर्ली, लिव्हरपूलजवळचं फाझाकर्ली आणि यॉर्कशायरमधलं मॉल्टबी. शिवाय कॅनडात टोरांटोजवळ लाँग ब्रांच, आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सचा स्टीव्हन्सचा कारखाना. सॅव्हेजवाल्या रायफलींवर यूएस प्रॉपर्टी असं कोरलेलं असतं, त्या अमेरिकेनं लेंड-लीजमध्ये ब्रिटनला दिल्या, कागदोपत्री मालकी अमेरिकेची राहिली म्हणून ती खूण. नंबराची गंमत अशी की लाँग ब्रांचच्या नंबरात मध्येच एल येतो आणि सॅव्हेजच्या नंबरात मध्ये सी येतो, आधी एकदोन आकडे, मग अक्षर, मग उरलेले आकडे. इंग्लंडच्या कारखान्यांत अक्षर सुरुवातीला येतं. त्यामुळे काकांनी अक्षर कुठं आहे ते विचारलं.

एक जुना गट वेगळा आहे. १९३० च्या आसपास एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात चाचणीसाठी नं. ४ चा एक छोटा घाणा काढला होता, युद्ध लागल्यावर पहिल्या स्नायपर रायफली त्यातूनच आणि एनफिल्डमध्येच केल्या. त्यांच्या नंबराआधी ए असतो. तुमच्या कागदावर ए निघाला तर मला ताबडतोब कळवा, मी पुण्याहून आर्वीला येईन 🙂 पण आशा कमी आहे. १९४२ पासून हे रूपांतराचं काम हॉलंड अँड हॉलंडकडे गेलं आणि पुढच्या वीस हजारांहून जास्त रायफली त्यांनीच केल्या. ही पेढी १८३५ ची, आपल्या राजेरजवाड्यांना शिकारीच्या दुनळी रायफली करून देणारी. म्हणजे ज्या कारागिरांचा हात वाघाच्या शिकारीच्या बंदुकांवर बसलेला, त्यांनाच युद्धात सैनिकाच्या रायफलीवर दुर्बीण बसवायला लावली, आणि मला वाटतं या रायफलीचं नाव झालं त्यात दुर्बिणीइतकाच या बसवण्याचा वाटा आहे. दुर्बीण तशी साधीच, तिप्पट मोठं दाखवणारी, आणि मुळात ती ब्रेन गन या हलक्या मशीनगनसाठी आखली होती.

दुर्बिणीचं नाव मात्र दुर्बिणीच्या नळीवरच मिळतं. लेस्टरचे टेलर टेलर अँड हॉब्सन, विल्यम वॉटसन, लीड्सचे कर्शॉ, कॅनडाचे रिसर्च एंटरप्रायझेस म्हणजे आरईएल, असे बरेच. त्यावर ओ.एस. आणि आकडा असतो, ४६६ ए म्हणजे मार्क १, १६५० ए म्हणजे मार्क २, २०३९ ए म्हणजे मार्क ३. हे ओ.एस. आकडे काही लोक दुर्बिणीचा अनुक्रमांक समजून शोधत बसतात, तो नमुन्याचा आकडा आहे, त्या नमुन्याच्या सगळ्या दुर्बिणींवर तोच.

मास्तरीणबाई_हिंगणघाट

मधेच विचारते, माफ करा. माझे आजेसासरे महार रेजिमेंटला होते. त्यांचा एक फोटो आहे, गुडघ्यावर बसलेले, हातात रायफल, वर दुर्बीण आहे की फोटोवरचा डाग आहे हेच कळत नाही. फोटोवरून कंपनी ओळखता येईल का? घरात सगळे म्हणतात स्नायपर होते, पण कागद कुठलाच नाही.

आर्मरर_कामठी

ताई, फोटोवरून कंपनी नाही सांगता येणार, शिक्के इतके बारीक असतात का हातात घेऊनही कधी खडू घासून वाचावे लागतात. पण स्नायपर रायफल आहे का साधी, हे सांगता येईल. दुर्बीण सोडून द्या, बटाकडे पाहा. दुर्बीण उंचावर बसते, साध्या बटावर गाल टेकवला तर डोळा तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून टीवाल्या रायफलीच्या बटावर वरून लाकडाचा एक उंचवटा स्क्रूनं बसवलेला असतो. फोटोत बटाची वरची रेघ सरळ उतरत आली तर साधी रायफल, मधात कुबड दिसलं तर टीवाली. दुसरं, डाव्या बाजूला ब्रॅकेट आवळायचे दोन मोठे गोल स्क्रू असतात, हातानं फिरवायचे, कडेला खरखरीत कातलेले. डावी बाजू फोटोत असली तर तेही दिसतील. सर्व्हिसचा कागद हवा असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आजोबांचा नंबर टाकून अर्ज करा, नंबर पेन्शनच्या पुस्तकात असतो.

रेल्वेवाला_बडनेरा

काका एक शंका. आपली इशापूरची फॅक्टरी एवढी जुनी, लाखो रायफली काढल्या, मग ही इशापूरची काऊन नसन? आमच्या इकडं पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीवर मी आरएफआय, म्हंजे रायफल फॅक्टरी इशापूर, वाचलेलं आहे.

आर्मरर_कामठी

बरोबर वाचलं, पण ती दुसरी रायफल. इशापूरनं काढली ती नं. १ मार्क ३, जिचं तोंड पुढून बोथट, नळी लाकडातून बाहेर दिसतच नाही. नं. ४ ची नळी पुढं थोडी बाहेर निघालेली असते. लांबून पाहूनच फरक समजते. पोलिसांजवळ जास्त करून नं. १ च होती. १९६० नंतर इशापूरनं तिचाच सांगाडा घेऊन ७.६२ ची २ए रायफल काढली, तीही नं. ४ नाही.

पण इशापूरचा हात नं. ४ टीला लागलाच नाही असं नाही. दुरुस्तीला तिकडं जायच्या. लाकूड चिरू नये म्हणून पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू टाकायचे, तो दिसला का समजायचं रायफल इंग्लंडची असो नाहीतर कॅनडाची, हिंदुस्थानात राहून आली. असा स्क्रू पाहून मूळ रायफल इशापूरची सांगणारे महाभाग भेटलेत मला. दुरुस्ती करणारा कारागीर अन् बनवणारा कारखाना, ह्यांची खिचडी करायची नाही.

वावरवाला_आर्वी

सगळ्याईचे उपकार. काल रातच्यानं टॉर्च लावून, बहिणीच्या पोरानं मोबाईलवर फोटो मोठा करून, असं दोघांनी मिळून वाचलं. अक्षर आहे, आकड्याच्या आधीच आहे, मधात काही नाही. अक्षर टी सारखं दिसते, आडवी रेघ जराशी फाटली आहे पण ए तर नक्कीच नाही, पुण्याच्या दादाईचं तिकीट वाचलं. त्याच्यापुढं पाच आकडे होते, पहिला ३ आहे, शेवटचे दोन वाचता येतात, मधले गेले. दुर्बिणीच्या ओळीत नं. ३२ च्या पुढं मार्क २ आहे, तिचा नंबर पूर्ण वाचता येते. डब्याच्या झाकणावर रंग खरडला तर नं. ८ मार्क १ निघालं.

लॉटवाले दादा सांगत होते तसं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. ठोकळ्याखाली सरकी निघाली, एक गंजलेली टाचणी निघाली, बाकी काही नाही. गोळी बिळी नाही.

आणखी एक, डब्याजवळ एक अरुंद खण आहे, त्यात काय राहत असन?

जुनीपानं_पुणे

वाचलो म्हणा, आर्वीचं ऊन या दिवसांत झेपलं नसतं.

अक्षर पुढे म्हणजे लाँग ब्रांच आणि सॅव्हेज दोन्ही बाद. ए नाही म्हणजे एनफिल्डचा जुना घाणाही बाद. राहिले इंग्लंडचे युद्धकाळातले कारखाने. नुसत्या कागदावरून शर्लीच असं शपथेवर सांगणार नाही, त्यासाठी सॉकेटवरचा एम ४७ सी डोळ्यांनी दिसायला हवा. पण हॉलंड अँड हॉलंडकडे रूपांतराला गेलेल्या रायफलींत मोठा वाटा बीएसएचाच होता, मॉल्टबीच्या त्यामानानं कमी आणि फाझाकर्लीच्या तर फारच थोड्या. त्यामुळे कोणी विचारलं तर सांगा की रायफल बहुधा बीएसए शर्लीची, दुर्बीण बसवली हॉलंड अँड हॉलंडनं, आणि दुर्बीण कोणाची ते दुर्बीण सापडेपर्यंत कोणालाही सांगता येणार नाही.

मार्क २ वरून रायफलीचं साल मात्र काढू नका. मार्क २ युद्धाच्या उत्तरार्धातली, पण जुन्या रायफलीची पहिली दुर्बीण खराब झाली की नवी जुळवून द्यायचे आणि कागदावर नंबर बदलायचे. तुमच्या कागदावर दुर्बिणीच्या नंबराजवळ खाडाखोड आहे का पाहा, असेल तर तीच भानगड. मार्क १ मध्ये आणि २ मध्ये मोठा फरक घुंडीचा, पहिलीत एका क्लिकला दोन मिनिटांचा फरक पडायचा, दुसरीत एका मिनिटाचा. मिनिट म्हणजे इथं कोनाचं माप, शंभर यार्डांवर साधारण एक इंच. चारशे यार्डांवर म्हणजे एका क्लिकला आठ इंच की चार इंच, स्नायपरला हा फरक किती मोठा ते काकाच सांगतील.

आर्मरर_कामठी

आठ इंच म्हणजे माणूस लागला का त्याच्या बाजूचं झाड लागलं, एवढा फरक.

त्या रायफलीच्या मागच्या साईटवर अजून एक खूण असते, कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो. साध्या नं. ४ ला जवळच्या नेमाचं एक मोठं भोक असते, साईट आडवी पाडली का ते उभं राहते. टीवाल्यात ते घासून काढून टाकलेलं, कारण दुर्बिणीला अडते. कुठं संग्रहालयात दुर्बीण काढून ठेवलेली रायफल दिसली तर हे पाहा, नंतर बसवलेली नकली दुर्बीणवाली रायफल ह्याच्यावरून पकडता येते. नकली बनवणारे लोकं टीचा शिक्का मारतात, साईट घासायला विसरतात.

अरुंद खणाचं म्हणशील तर स्नायपरच्या जोडीदाराजवळ एक लांब दुर्बीण असायची, स्काउट रेजिमेंट म्हणायचे, नळीत नळी बसणारी, पितळी, वरून चामडं. वीस पट दाखवायची. रायफलीवरची दुर्बीण नेम धरायला, ही शोधायला. पेटीत सामान बरंच राहायचं, चामड्याची स्लिंग, साफसफाईचं सामान, तुझ्या कागदावर यादी छापलेली असेल, ओळी मोजून खणाशी जुळवून पाहा, समजून जाईल.

लॉटवाला_पुलगाव

वावरवाले, खाडाखोड आहे का सांगा. अन् विकायचं मनात नसन तर जुन्या वस्तूवाल्यांच्या ग्रुपवर पूर्ण नंबर दिसेल असा फोटो टाकू नका, कागदाची नक्कल करून कोऱ्या पेटीत चिकटवणारे आहेत, नंबर झाकून टाका.

वावरवाला_आर्वी

हाव, खाडाखोड आहे! पहिला नंबर लाल पेन्सिलीनं खोडून बाजूले दुसरा लिहिला, मले वाटलं कोण्या पोरानं गिरगोट्या मारल्या. म्हंजे दुर्बीण बदललेली होती तर.

विकणार नाही, मायलाही पटलं आता, फक्त ती म्हणते डबा मी देत नाही, बटनं कुठं ठेवू. राहू द्या म्हटलं. पेटी बैठकीत ठेवतो. वरचा हिरवा रंग पार उडाला आहे, घासून नवा ऑइल पेंट मारू का? अन् आत उधई परत लागू नये म्हणून डिझेल चोळतात तसं चोळलं तर चालते का?

आर्मरर_कामठी

पेंट नको, डिझेल तर बिलकुल नको, कागद जाईल. बाहेरचा रंग आहे तसा राहू दे, बाणाचा शिक्का त्याच्यातच आहे. आतलं लाकूड कोरडं पडलं असेल तिथं जवसाचं तेल लाव, घाण्यावरचं कच्चं. फौजेत रायफलीच्या लाकडालाही हेच लावायचे. आपल्याकडे तर घरोघरी जवस आहे, विकत आणायचीही गरज नाही. चिंदीवर थेंब थेंब घ्यायचं, तळहातानं चोळायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, मग परत. एकदम ओतलं तर चिकट होते न् धूळ बसते. तेलाच्या चिंद्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात भिजवून मग फेक. कागदापासून चार बोटं लांब राहायचं, त्याच्यावर तेलाचा थेंब गेला का शाई पसरते. कागदावर टेप बिप लावू नको, वरून पारदर्शक प्लास्टिकची शीट लाकडाला चार टाचण्यांनी अडकव, टाचण्या कागदाच्या बाहेर. अन् उधईसाठी पेटी जमिनीवर ठेवू नको, खाली दोन विटा लाव, भिंतीपासून बोटभर सोड.